पाह्यलं होतं का?

"पाह्यलं होतं का?" चष्मा कपाळावर चढवून सर हे विचारायचे, आणि समोरच्याला आपण चोरी करताना सापडल्यासारखं वाटायचं. आर्णीच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवायचे, मी मराठी. सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन ही सगळी अलंकारांची मंडळी बी.ए.च्या पोरांना समजावून सांगणं हे त्यांचं काम, आणि त्यातल्या एकावरही त्यांचा विश्वास नव्हता.

पोरं गाइडातली उदाहरणं पाठ करून यायची. कुणी 'बर्फासारखं पांढरं' लिहिलं की सर त्याला उभं करत. "बर्फ पाह्यला का? रसवंतीवरचा सोडून सांग." मग एका मुलानं शहाणपणा करून 'कापसासारखं पांढरं' लिहिलं. कापसाची ती वाईट वर्षं होती. सर म्हणाले, "बापासंग मार्केटात जाऊन पाह्य. घरून निघते तव्हा पांढरा असते, व्यापाऱ्याच्या हातात गेला का पिवळा होते." वर्ग हसला. तो मुलगा मात्र हसला नाही.

बियाण्याच्या दुकानावर 'पांढऱ्या सोन्याची हमी' अशी पाटी लागली, तेव्हा सर आत जाऊन मालकाला विचारून आले, "सोनं पांढरं पाह्यलं का कधी?" त्या दुकानात आम्हा दोघांना मिळणारा चहा त्या दिवसापासून बंद झाला.

नसरीन आमची दोघांचीही विद्यार्थिनी. बसस्टँडजवळ तिच्या अब्बांचं पंक्चरचं दुकान होतं. एक विषय जरी गेला तरी कॉलेज बंद, असं तिच्या घरी ठरलेलं. हे मला माहीत होतं आणि सरांनाही. चाचणीच्या पेपरात पर्सॉनिफिकेशनचं, म्हणजे निर्जीव वस्तूला माणूस करण्याचं, उदाहरण म्हणून तिनं इंग्रजीत लिहिलं होतं: आमचा कम्प्रेसर बंद होताना अब्बांसारखा खाकरतो, लांब श्वास सोडतो आणि एका डोळ्यानं माझ्या पुस्तकाकडे बघत बसतो.

सरांनी पेपर माझ्यापुढे आपटला. "हे पोरीचं नाही. कुठून तरी उचललं. कॉपी म्हणून झिरो देतो, नापास होऊ दे."

"अहो, किती साधं वाक्य आहे!"

"म्हणूनच तर! साधं लिहाले किती वर्षं लागतेत, मले माईत हाय."

नसरीनला बोलावलं. ती रडकुंडीला आली. "सर, खरंच आमच्याच दुकानातला हाय तो."

"पाहू," सर म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं. दुकानाच्या अलीकडे पाण्याची टाकी होती. तिच्यामागे गाडी लावून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून आगपेटीची काडी काढली आणि स्वतःच्याच पुढच्या चाकाची हवा सोडून दिली. मला त्यांच्या डोक्याचाच संशय आला.

"सांगून गेलो तर तयारी करून ठेवतीन," ते म्हणाले. कम्प्रेसरला खाकरायला कोण शिकवणार, हे मी विचारलं नाही.

गाडी ढकलत आम्ही दुकानी पोचलो. अब्बांनी ट्यूब काढून घमेल्यातल्या पाण्यात फिरवली. एक बुडबुडा येईल तर शपथ. "पंक्चर नै है साहब. किसीने हवा छोड दी."

"आजकाल कोनाचा भरोसा नाही," सर गंभीरपणे म्हणाले. मी वर आभाळाकडे पाहत राहिलो.

अब्बांनी कम्प्रेसर चालू केला. त्याची टाकी भरली आणि मोटार थांबताना खरोखरच घसा साफ केल्यासारखी खाकरली. मग लांब फुस्स. लगेच अब्बाही खाकरले, हुबेहूब तसेच. सरांचं समाधान अजून झालं नव्हतं. कोपऱ्यात जुन्या टायरांवर एक फळी टाकलेली होती, तिच्यावर नसरीनची पुस्तकं. सरांनी ती बाजूला सारली आणि स्वतः तिथे बसले. समोर कम्प्रेसरची हवा दाखवणारी गोल काच होती, आत काटा. तो डोळा सरळ त्यांच्याकडे बघत होता. सर बराच वेळ उठलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी नसरीनला दहापैकी आठ मिळाले. "दोन इंग्रजीचे कापले," सर मला म्हणाले. "पाह्यल्याचे पूर्ण देले."

सर गेले तेव्हा कॉलेजात शोकसभा झाली. कुणी त्यांना ज्ञानाचा महासागर म्हणालं, कुणी वटवृक्ष. दर वाक्याला माझ्या कानात तोच प्रश्न वाजत होता आणि मला रडू येण्याऐवजी हसूच येत होतं. मग नसरीन उठली. ती आता नेरला शाळेत इंग्रजी शिकवते. चाचणीची सगळी हकिगत तिनं सांगितली आणि पुढे म्हणाली,

"आमच्या दुकानी यायच्या आधी सरांनी टाकीमागं आपल्याच हातानं हवा सोडली. मी अब्बाचा डबा घेऊन तिकूनच येत होती. मले नापासच कराचं असतं तर त्याईले खुर्चीत बसूनच जमलं असतं."

माझे डोळे तेव्हा कुठे भरून आले. नसरीननं समोरच्या फोटोकडे पाहिलं.

"सर, मी पाह्यलं होतं."