आधी माझी पेशी

उस्तादांना तक्रार केल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. नगरच्या छावणीत महिन्यातून एकदा दरबार भरायचा. सगळी पलटण मैदानात मांडी घालून बसायची आणि मोठे साहेब विचारायचे, "किसी को कोई तकलीफ?" आम्ही माना खाली घालून गवत उपटत बसायचो, आणि उस्ताद हमखास उभे राहायचे. बुटांच्या नाड्या कुजक्या आहेत, डाळीत पाणी फार आहे, न्हाव्याचा वस्तरा बोथट आहे. लोक हसायचे. साहेबही हसायचे.

उस्ताद हवालदार होते. कर्जत तालुक्यातल्या शेतकरी घरातले, आम्हा नव्या पोरांना कवायत शिकवणारे. एवढ्यातेवढ्यासाठी कशाला उठायचं, असं मी एकदा विचारलं, तेव्हा माझ्या कॉलरचं बटण लावून देत ते म्हणाले, "बारक्या गोष्टीला उटायची सवय लागली म्हंजे मोठ्या गोष्टीला गुडघं आखडत न्हाईत." माणूस मायाळू होता. फक्त कवायतीला येताना माया बराकीत ठेवून यायचा.

त्यांचं दुसरं वेड कपड्यांचं. शर्टावर डाग दिसला की रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या. बांगलादेशच्या लढाईनंतर मी भरती झालो, आणि त्या पहिल्या उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त मीच पळालो. "पारनेर, आजबी डाग? तुमच्या तालुक्यात साबन मिळत न्हाई का?" असं ते विचारायचे. मी रायफल उचलून पळायला लागायचो.

डाग डाळीचे होते. लंगरातला, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातला, दोन फितींचा नायक मला वाढताना पळी हातभर वर धरायचा. पळी माझ्या ताटाला लागू नये म्हणून. आमच्या घरात छप्पन साली बुद्धाची तसबीर आली, हे त्याने आडनावावरून ताडलं होतं. बाकीच्यांना डाळ वाढली जायची. माझ्या ताटात ती वरून पडायची आणि निम्मी अंगावर उडायची. पोळीही वरूनच. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. हे सगळं गावात पाहिलेलंच होतं. फौजेत तरी नसेल, अशा आशेनं आलो होतो, आणि ती आशा फोल ठरली हे बोलून दाखवायची मला लाज वाटत होती.

एके दिवशी उस्ताद रांगेत नेमके माझ्यामागे उभे होते. डाळ उडाली. त्यांनी माझा शर्ट पाहिला, नायकाकडे पाहिलं, आणि न जेवताच निघून गेले. तेव्हापासून माझ्या फेऱ्या बंद झाल्या, पण पळी काही खाली आली नाही. कारण तो नायक उस्तादांच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. पलटणीत उस्ताद त्याला हुकूम द्यायचे आणि गावी गेल्यावर दाजी म्हणून त्याच्या पाया पडायचे.

पुढच्या दरबारात उस्ताद उठले. त्यांनी लंगरवाल्यांच्या ओळीकडे पाहिलं, घसा खाकरला, आणि बुटांच्या पॉलिशबद्दल काहीतरी बोलून खाली बसले. लोक नेहमीसारखे हसले. संध्याकाळी ते माझ्या खाटेपाशी आले. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. मी म्हणालो, उस्ताद, पुढच्या वेळी मीच उठतो. ते म्हणाले, "तू उटलास तर ती तुझी तक्रार. मी उटलो तर पलटनीची. एवढा म्हैना थांब." मला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर फारच हायसं वाटलं, आणि तेच मला अजून टोचतं.

त्या महिन्यात ते जेवायला फारसे बसले नाहीत. मग दरबार भरला, ते उठले आणि मोडक्या हिंदीत सगळं सांगून टाकलं. पळी, डाळ, माझी जात, नायकाचं नाव. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. शेवटी उस्ताद म्हणाले, "इन डागों के लिए मैंने इस लडके को दौडाया, साहब. पहले मेरी पेशी लो." पेशी म्हणजे टोपी काढून साहेबांसमोर गुन्हेगार म्हणून उभं राहणं. ते तसे उभे राहिले. त्यांना ताकीद मिळाली. नायकाच्या बाहीवरची एक फीत गेली आणि लंगरही गेला. मला दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांसारखं जेवण वाढलं जाऊ लागलं.

भाऊबीज करून उस्ताद सुट्टीवरून परतले की मी विचारायचो, ताईंचा राग गेला का. "गेला की. समदं झ्याक हाय," असं म्हणून ते विषय बदलायचे. मी तेच खरं धरून चालायचो. खोदून विचारलं तर आपल्याला झेपणार नाही असं उत्तर मिळेल, एवढी अक्कल मला होती.

ते वारले, तोवर मीही हवालदार होऊन निवृत्त झालो होतो. दहाव्याला त्यांच्या गावी गेलो. पिकल्या केसांची एक बाई जवळ आली आणि तिने विचारलं, पारनेरचे ते तुम्हीच का. मी हो म्हणालो. ती उस्तादांची बहीण होती.

"दादा दर भाऊबीजंला यायचा," ती म्हणाली. "ह्यांनी दार उघडू दिलं न्हाई. वसरीवर बसून ऱ्हायचा. दिवस मावळला की उटून जायचा."

ताई, त्या दिवशी उठायला मी हवा होतो, मी म्हणालो.

"ठावं हाय मला. बंद दाराभायरनंच सांगितलं हुतं त्यानं. पोरगं उटत हुतं, मीच बसवलं म्हनून."

बसवलं होतं, हे खरं. मी किती चटकन बसलो, ते मात्र त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं.