आक्काने फोडलेला शेवट

डायनासोरचा नवा भाग लागतोय हे कळलं तेव्हा मी पहिली चौकशी थेटरची केली नाही, आक्काच्या डोळ्यांची केली. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, कामशेतला राहते. तिचा मोतीबिंदू नेमका त्याच आठवड्यात काढला होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की पंधरा दिवस काळा चष्मा, टीव्ही बंद, मोबाईल बंद. मी मनातल्या मनात त्या डॉक्टरांची दृष्ट काढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच डायनासोर माझ्या डोळ्यांना आधी दिसणार होता, आणि त्याचा शेवट आक्काच्या कानात मी ओतणार होते.

हे वैर कळायचं तर आंदर मावळातल्या एका खाचरात उतरावं लागेल. लग्न होऊन मी नुकतीच तिथे आले होते. भाताच्या आवणीला आमच्याकडे इर्जिक असायची. ज्याचं खाचर चिखलून तयार, त्याच्याकडे सगळ्या भावकीने जायचं, उद्या दुसऱ्याकडे. बायका ओळीने वाकून रोपं लावत मागे मागे सरकायच्या आणि हातांबरोबर तोंडं चालायची. गाणी संपली की जिने कुठे काही पाहिलं असेल तिने सांगायचं. त्या वर्षी आक्का कार्ल्याला माहेरी गेली होती आणि भावाने तिला लोणावळ्याला नेऊन हिंदीतला डायनासोर दाखवला होता. पहिला, मूळचा.

त्या वेळची मी काय नग होते ते सांगते. मलाही नवऱ्याने कबूल केलं होतं, आवणी उरकली की रविवारी नेतो. तर मी तांब्यात निखारे घालून लग्नातल्या शालूला इस्त्री करून ठेवली होती. डायनासोर बघायला शालू. शिवाय ती जनावरं खरी आहेत याबद्दल मला शंका नव्हती. खरी नसती तर फोटो कसे निघाले असते, असं मी सासूबाईंना समजावून सांगितलं होतं आणि त्यांना ते पटलंही होतं. आज ती पोरगी समोर आली तर मी तिला आधी एक टपली मारीन, मग शालूची घडी कशी घालतात ते दाखवीन.

आक्काची सांगण्याची हातोटी अशी की ओळीतल्या बायकांचे हात थांबायचे. जनावर अर्ध्या शिनेमापर्यंत दिसतच नाही म्हणाली, आणि तिनेही ते दाखवलं नाही. नुसती झाडी हलवली. शेवटाजवळ आली तशी मी कमरेत वाकूनच म्हटलं, "आक्का, फुडचं नका सांगू. मी रविवारी जानार हाय."

"बरं, न्हाई सांगत."

सगळ्या बायका हळहळल्या. मी सुखाने दहा-वीस रोपं लावली असतील. बांधाशी पोचलो, पाठ सरळ केली, आणि आक्का हात धुता धुता सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तो जाकीटवाला मरतोय. पोरं वाचत्यात. आन जनावर बेटावर एकटंच ऱ्हातंय." ओळ हसली. आक्काने माझ्याकडे पाहून वर विचारलं, "का गं, तोंड का उतरलं? तसं बी तुला हिंदी कुटं कळतंय?"

रविवारी मी शालू नेसून गेले. जाकीटवाला पडद्यावर आला त्या क्षणापासून मी त्याच्या सुतकात. त्याने जेवण केलं, विनोद केले, मी आपली मान हलवत, खाऊन घे बाबा. शेवटी जनावराने त्याला उचललं तेव्हा आख्खं थेटर ओरडलं आणि मी एकटी "हं, झालं" म्हणाले. नवऱ्याला वाटलं मी फार धीट आहे.

तरी त्या जनावरावर जीव जडला. इतका, की भादव्यातल्या पोळ्याला देवापुढे ठेवायचे मातीचे बैल वळताना मी त्यांत एक डायनासोर वळला. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, पुरणपोळी दाखवली आणि हताश होऊन म्हणाल्या, "धाकटीच्या हाताला वळनच न्हाई. बैलाचं पुढचं पाय आखूडच ऱ्हायलं." आक्काने मात्र जनावर ओळखलं होतं. थोड्या वेळाने बघते तर बाकी बैलांपुढे गवत आणि माझ्या बैलापुढे सुक्या बोंबलाचा तुकडा. सणाच्या दिवशी, देवापुढे. सासूबाईंनी दिवाळीपर्यंत मला बोलून घेतलं आणि आक्का शेजारी बसून "जाऊ द्या, लहान हाय ती" म्हणत राहिली.

पुढचे भाग येत गेले तसे तिने ते फोडले. दुसरा माझ्या बाळंतपणात, मी खाटेवर, उठून पळता येईना. तिसरा पुतण्याच्या लग्नाच्या पंगतीत, माझ्या पानात जिलबी वाढता वाढता. पुढे आम्ही लोणावळ्यात राहायला आलो, आक्काचं घर कामशेतला गेलं, मला वाटलं सुटले. मग मोबाईल आले आणि तिचा आवाजच घरपोच यायला लागला. माझ्या घरात म्हणून कायदा आहे, कुठल्याही शिनेमाचा शेवट कुणी कुणाला सांगायचा नाही. नात पुण्याहून येते ती दारातच तोंडावर बोट ठेवते.

तर शुक्रवारी सकाळच्या लोकलने मी तळेगावच्या बाजूच्या नव्या थेटरात गेले. एकटी. पहिला खेळ. पॉपकॉर्नचा मोठा डबा घेतला, कारण सूड उपाशीपोटी घेऊ नये.

आता त्या शिनेमाबद्दल बोलते, कारण माझा राग आक्कापेक्षा तो काढणाऱ्यांवर जास्त आहे. आमच्या मावळात बिबट्या येतो तेव्हा तो दिसत नाही. गुरं दावं ताणतात, कुत्रं ओट्याखाली शिरतं, आणि गोठ्यातला कोपरा एकाएकी फार काळा वाटायला लागतो. पहिला भाग ज्यांनी केला त्यांना हे कळत होतं. या नव्यांनी पडद्यावर शिनेमाचं नाव यायच्या आत आख्खं जनावर दाखवलं, वरातीतल्या नवरदेवासारखं, चारी बाजूंनी, दात मोजून घ्या. बरं, जुनं जनावर पुरलं नाही म्हणून शिनेमातल्या कंपनीने नवीन बनवलंय. त्याला शिंगं आहेत, पंख आहेत, अंगावर रंग आहे. पोळ्याचा सजवलेला बैल बरा. त्याला भूक कधी लागते, ते झोपतं कधी, काही पत्ता नाही. दोन माणसं गिळून तिसऱ्यामागे डोंगरभर धावतं. पोट भरलेलं जनावर सावलीत बसतं, एवढं तर आमच्या शेळीलाही ठाऊक आहे.

आणि नायक हात पुढे करतो की जनावर थांबतं. नुसता हात. मी नवी सून असताना नव्या म्हशीला असाच हात दाखवायला गेले होते, तिने मला उकिरड्यात बसवलं. मी तिकीट कशासाठी काढते? लबाड माणूस खाल्ला जाताना बघायला. आयुष्यात असे किती लबाड भेटतात आणि एकालाही कुणी खात नाही, तर दोन तास अंधारात बसून एक तरी जाताना बघावा. तर यांचा लबाड खोलीत शिरतो, दार लागतं, आणि बाहेर नुसता बूट येतो. दाराआड उरकलं. शेवटी आपलं जुनं मोठं जनावर, ज्याने इतक्या भागांत इतकी माणसं खाल्ली, ते येऊन नव्याला मारतं आणि नायकाकडे मायेने बघतं. नायक रडतो. राखी बांधायची तेवढी राहिली. नावं वर चढायला लागली तशी मी उठले. असल्यांची नावं वाचून मला काय करायचंय.

परतीच्या गाडीत मी शेवट पाठ करत होते. कामशेतला उतरायचं, फाट्यावर सफरचंदं घ्यायची, तब्येत विचारायची आणि मग हळूच सोडायचा. पण कान्हे गेलं तसं मला घाम फुटला. हा शेवट सांगितला तर आक्काचं भलंच होणार होतं. तिचं तिकीट वाचणार, तिचे नवे डोळे वाचणार. एवढी वर्षं थांबून मी तिच्यावर उपकार करायला निघाले होते.

आक्का काळा चष्मा लावून पलंगावर बसली होती, आमदारासारखी.

"कोन?"

"मी, आक्का."

"बघून आलीस व्हय? पॉपकॉर्नचा वास येतोय. आन सफरचंदं बी आनलीस, म्हंजी कायतरी काळंबेरं हाय." तिने हनुवटी वर केली. "सांग. शेवट सांग. मी काय तुज्यासारखं तोंड पाडनार न्हाई."

मी तिच्या शेजारी बसले, तिचा हात हातात घेतला. "न्हाई सांगनार. तुमी तुमच्या डोळ्यांनी बघा. असला शिनेमा आजवर झाला न्हाई, आक्का."

यात एक शब्द खोटा नव्हता.

"तू मला सोडतीस?"

"वय झालं आता. कुटवर धरून बसायचं?"

चष्म्याआडून ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. किती दिसलं देव जाणे. निघताना मी तिला खडसावून सांगितलं, चष्मा निघाला की पहिला हाच बघायचा, फुडची खुर्ची घ्यायची.

तिचा चष्मा निघाला. सुनेबरोबर ती जाऊन आली हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी फोनची वाट बघत होते, तिने मला शिव्या घालाव्यात, तिकिटाला, पाठीला, डोळ्यांना रडावं. फोन आला नाही. मला घास गोड लागेना. शेवटी मीच कामशेतला गेले.

आक्का लसूण सोलत बसली होती. "झ्याक हुता," म्हणाली.

"झ्याक?"

"व्हय. मधी जरा लांबला, पन खरी मजा नावं गेल्यावर हाय. थांबली हुतीस न्हवं तू?"

मी तर नावं चढायला लागली तशीच उठले होते. हल्ली असं असतं म्हणतात, नावं संपल्यावर एक तुकडा दाखवतात. "थांबले की," मी म्हटलं.

"मग झालं तर," म्हणाली आणि लसणाची पाकळी टरफलातून अशी सोडवली, जणू माझीच मान.

आता विचारू कुणाला? आक्काला विचारायचं म्हणजे मेलेलं बरं. नातीला विचारायचं तर माझाच कायदा माझ्या आड. पोस्टर उतरायच्या आत मला पुन्हा जावं लागलं. आता दिवसाला सकाळचा एकच खेळ उरला होता. तीच शिंगं, तेच पंख, तोच बूट. मी दात आवळून पाहिलं. या वेळी नायक रडला तेव्हा मीही रडले, पण संतापाने. मग नावं सुरू झाली. माणसं उठून गेली. नावं मुंग्यांसारखी वर जात होती, संपेचनात. दिवे लागले. झाडू घेऊन एक बाई ओळीओळीने माझ्यापर्यंत आली.

"मावशी, पाय वर घ्या."

"अजून हाय ना?"

"काय?"

"शेवटचं. नावं झाल्यावरचं."

"काय नसतं यात. मी रोज बघते. संपला." तिने माझ्या खुर्चीखालून झाडू फिरवला. "कालपण एक आजोबा बसून होते."

मी पाय वर घेऊन तशीच बसून राहिले. पडदा पांढरा होता. म्हणजे पोळ्याच्या बोंबलापासून आजपर्यंत आक्का सुधारली नव्हती.

बाहेर येऊन बाकावर बसले आणि राग निवू दिला. निवल्यावर डोकं चाललं. आक्काला मी ओळखते. कीर्तनात आरतीपर्यंत तिच्याने बसवत नाही, पंगतीत ताक यायच्या आत ती उठते. ती नावं संपेपर्यंत बसणं शक्य नाही. तिथे काही नाही हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिने अंधारात दगड मारला होता.

मी फोन लावला.

"आक्का, मगाशी परत बघून आले. नातीसाठी." नात पुण्यात होती. "तुमी म्हनला ते खरं. नावं गेल्यावरचं ते लयच भारी. मला तर दुसऱ्यांदा बी काटा आला."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"ऐकताय न्हवं?"

"ऐकतीया. कंचं म्हनतीस तू?"

"तेच की. तुमी बघितलंय ते."

"व्हय, ते बघितलंय. पन तुला त्यातलं काय आवडलं?"

"आता तुमाला काय सांगायचं, आक्का. तुमी थांबला हुता."

पुन्हा शिट्टी झाली, मग आणखी एक. तिने गॅस बारीक केला नाही. शेवटी तिने आवाज अगदी सहज ठेवून विचारलं, सकाळचा खेळ गाठायचा तर कामशेतहून कितीची लोकल धरावी लागते, म्हणजे असंच, शेजारणीला हवंय.

मी तिला गाडी सांगितली. शेजारणीला घाई करायला सांगा म्हटलं, उद्याचा खेळ शेवटचा.