म्हाळसाबाईंनी सांगितलेला पुरा आकडा

मंगळवार, ८ जुलै १९९७. सकाळी सव्वादहाच्या टपालाने पुण्याहून जाड पाकीट आले आणि म्हाळसा देवकातेने ते उघडायला कात्रीसुद्धा शोधली नाही. चार महिने ती या पाकिटाची वाट पाहत होती.

बारामतीत भिगवण रस्त्यावर एका ट्रस्टचे साठ खाटांचे रुग्णालय होते. त्याच्या पहिल्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीशेजारी, सहा कपाटे आणि दोन लांब टेबले एवढे ग्रंथालय. ग्रंथपाल, कारकून आणि शिपाई सगळे मिळून एकटी म्हाळसा. सहा वर्षांपूर्वी ती रुजू झाली तेव्हा एकच कपाट होते आणि त्यात औषध कंपन्यांची जुनी कॅलेंडरे. आता डॉक्टर, नर्स, प्रयोगशाळेतली मुले, कुणाला काही अडले की जिना चढून तिच्याकडे येत.

पाकिटात एक तक्ता होता. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या ग्रंथपाल बाईंनी मार्च महिन्यात नऊ रुग्णालयांच्या ग्रंथालयांना एकच छापील फॉर्म पाठवला होता. रोज किती वाचक येतात, वर्षात किती प्रश्नांची उत्तरे शोधून दिली, बाहेरून किती लेखांच्या प्रती मागवल्या, त्या हाती यायला किती दिवस लागले. सगळ्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की कुणाचे काय चांगले चालले आहे ते दिसेल आणि बाकीच्यांना ते उचलता येईल, असा बाईंचा विचार. लहान-मोठ्याचा फरक पडू नये म्हणून दिवस सोडून बाकीचे आकडे दर दहा खाटांमागे काढले होते. नावे नव्हती, फक्त अक्षरे. म्हाळसाचे अक्षर 'च'.

तिने पहिल्या रकान्यावरून बोट खाली नेले. 'च' सगळ्यात शेवटी. दुसऱ्या रकान्यात शेवटी, तिसऱ्यात शेवटी. चौथ्यातही शेवटी.

तक्त्याची एक प्रत ट्रस्टच्या सचिवांकडेही गेली होती. सचिव म्हणजे सर्जेराव, सगळ्यांचे तात्या, माळेगावच्या साखर कारखान्यात एकतीस वर्षे टाइम कीपर म्हणून काढून निवृत्त झालेले. दहा मिनिटांत ते दारात हजर.

"म्हाळसाबाई, कारखान्यात साखरेचा उतारा अर्ध्या टक्क्यानं घसरला तरी समद्यांचा डोळा लागायचा न्हाय. तुमचा तर नवात नववा!"

"तात्या, मी जरा बघते..."

"काय बघायचं त्यात? सोनोग्राफीचं मशीन येतंय, त्याला खोली पायजे. सव्वीस तारखेला कमिटी हाय, तितं हा तक्ता ठेवतो. कपाटं राहतील की कॉरिडॉरमधी."

कपाटे राहतील, पण टेबले, वाचायला बसणारी माणसे आणि ती स्वतः कुठे राहणार, हे तात्यांनी सांगितले नाही.

दुपारी डॉ. अविराज भोंग आले. निमगाव केतकीचे तरुण फिजिशियन, दिवसातून एकदा तरी ग्रंथालयात डोकावणारे. त्यांनी तक्ता आणि शेजारी पडलेली तिच्या फॉर्मची प्रत पाहिली आणि खुर्ची ओढून बसले.

"वर्षाला अडीचशे प्रश्न? मॅडम, अडीचशे तर मी एकट्यानं विचारले असतील."

"नऊशे बारा आहेत, सर. रजिस्टरमध्ये आहेत."

"मग हे अडीचशे कुणी लिहिले?"

"मीच."

"का?"

खरे तर का, ते म्हाळसालाही त्या क्षणीच उमगत होते. पळसदेवला तिच्या वडिलांचा, बिरदेव आबांचा, मेंढरांचा कळप होता. आबा रोज तिन्हीसांजेला वाघरीच्या, म्हणजे मेंढरे कोंडायच्या जाळीच्या, तोंडाशी उभे राहून एकेक मेंढरू आत सोडत आणि मनात मोजत. ओठसुद्धा हलत नसत. कुणी विचारले, "बिरदेवा, किती हाय रं कळप?" तर उत्तर ठरलेले: "हायती धा-पाच." पुरा आकडा तोंडातून गेला की कळपाला दृष्ट लागते. आईलादेखील तो आकडा कधी कळला नाही. म्हाळसा शिकली, ग्रंथपालनाची पदवी घेऊन पुण्याहून आली. पण फॉर्मपुढे पेन धरले तेव्हा अडतीस वाचकांचे 'पंधरा', नऊशे बारा प्रश्नांचे 'अडीचशे' आणि एकशे चौसष्ट प्रतींचे 'पन्नास' झाले. लबाडी मनातही नव्हती. चांगले होते तेवढे झाकले गेले. फक्त एक आकडा तिने जसाच्या तसा लिहिला होता: बाहेरचा लेख हाती यायला एकोणीस दिवस. वाईटाला कशाला कुणाची दृष्ट लागते!

"आमच्यात मेंढरांचा पुरा आकडा सांगत न्हाईत, सर, दिष्ट लागती," ती शेवटी म्हणाली. गडबडली की तिच्या बोलण्यात पळसदेव यायचे.

डॉक्टर आधी बघतच राहिले, मग टेबलावर हात आपटून हसले. "अहो, ही काय मेंढरं आहेत? प्रश्नांना कुणाची नजर लागणार?"

"लागली की, सर. सबंध तक्त्याची."

आता तिलाही हसू फुटले आणि हसता हसता अंगात काहीतरी सळसळले. चूक आपली असेल तर ती आपल्यालाच निस्तरता येईल! तिने लगेच पुण्याला फोन लावला. बाई म्हणाल्या, "दुरुस्ती घेईन, पण पुराव्यासह. आणि खाली तुमच्या सचिवांची सही हवी."

सर्जेराव ऐकून घेईनात. "निकाल लागल्यावर मार्क वाढवून मागताय व्हय?"

"रजिस्टर बघा, तात्या."

"रजिस्टर तुमचं, पेन तुमचं, अक्षरबी तुमचंच."

"मग तुमीच मोजा की! बसा दारात धा दिवस."

हे शब्द तिच्या तोंडून कसे गेले ते तिला कळले नाही; पण तात्यांचे डोळे चमकले. एकतीस वर्षे फाटकावर माणसे मोजलेला माणूस, निवृत्तीनंतर त्याला मोजायला कुणी काही दिलेच नव्हते.

सोमवारी, चौदा तारखेला, सकाळी नऊला सर्जेराव स्टूल, वही आणि मनगटी घड्याळ घेऊन ग्रंथालयाच्या दारात बसले. समोर भिंतीला टेकून वॉर्डातल्या फुलाबाई मावशी. डॉ. भोंगांनी त्यांना दुसरी मोजणीदार म्हणून नेमले होते. फुलाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांनी घरून चिंचोके आणले. माणूस आत गेला की एक चिंचोका सलाइनच्या रिकाम्या खोक्यात.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तात्यांचे सदतीस भरले, फुलाबाईंचे अडतीस.

"तुमचा एक जास्त हाय," तात्या म्हणाले.

"माझा जास्त न्हाय, तुमचा कमी हाय. सिंधुबाई सिस्टर आत गेली तवा तुमी चहात बिस्कीट बुडवत व्हता."

तात्यांनी मुकाट्याने वहीत अडतीस केले आणि दुसऱ्या दिवसापासून चहा स्टुलावरच प्यायले.

मग सगळ्या रुग्णालयाला त्या दाराचा नाद लागला. वॉचमन विचारायचा, "आज किती?" लोणी देवकरहून एका कारखान्याच्या दवाखान्याचा कंपाउंडर चिठ्ठी घेऊन आला: डोळ्यात रसायन उडाले तर पहिल्या तासात काय करायचे? म्हाळसाने अकरा मिनिटांत उत्तर शोधून दिले. ती अकरा मिनिटे तात्यांनी स्वतः घड्याळात पाहिली. इंदापूरच्या एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला. शिकाऊ नर्स जेवणाच्या सुट्टीत उभ्या उभ्या वाचून गेल्या. सहाव्या दिवशी तर तात्या इकडेतिकडे बघत स्वतःच आत आले आणि हळूच म्हणाले, "शुगर असलेल्या माणसानं पायाची काळजी कशी घ्यावी, मराठीत हाय का काही? मंडळींसाठी पायजे. आन् हे मोजणीत धरू नका."

बाहेर खोक्यात चिंचोका वाजला.

"फुलाबाई!"

"आत गेला न्हवं तुमी? मग झालं तर!"

मोजणी रंगात आली होती, पण म्हाळसाला तो चौथा रकाना गप्प बसू देत नव्हता. एकोणीस दिवस. इथे ती खरोखरच शेवटी होती, आणि 'ज' नावाचे कुणी तीन दिवसांत लेख आणत होते. तिने पुण्याच्या बाईंना विचारले. त्यांनी 'ज'ची परवानगी घेऊन फोन जोडून दिला. 'ज' निघाले सोलापूरचे. तिथले ग्रंथपाल म्हणाले, "आम्ही पत्र पाठवतच नाही. सकाळी पुण्याला फोन. तिथं लेखाची झेरॉक्स काढतात, पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे. स्टँडवर जाऊन घ्यायचं. तुमचे इतके दिवस जातात तरी कुठं?"

जातात तरी कुठं! म्हाळसाने गेल्या वर्षीच्या वीस मागणीचिठ्ठ्या काढल्या आणि प्रत्येकीवरच्या तारखा ओळीने मांडल्या. चिठ्ठी लिहिली तो दिवस, सचिवांची सही झाली तो दिवस, टपालात पडली तो, लेख आला तो. पुण्यात चार दिवस, जातायेता टपालात सात. आणि लिहिल्यापासून सही होईपर्यंत सरासरी आठ.

ती कागद घेऊन दारात आली. तात्यांनी तो उलटसुलट केला. "हे आठ दिवस कुठं गेले?"

आता सांगावे की न सांगावे? पण या आठवड्यात तिला खरे आकडे सांगायची सवय लागू लागली होती.

"तुमच्या ड्रॉवरमधी, तात्या."

फुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. आठ मिनिटे उशीर झाला म्हणून सर्जेरावांनी कामगारांचे खाडे मांडले होते. ते उठले, जिना उतरून गेले आणि पाच मिनिटांत सही न झालेल्या चार चिठ्ठ्या घेऊन परत आले. भिंतीला कागद लावून त्यांनी उभ्यानेच चारही सह्या ठोकल्या.

"लावा पुण्याला फोन. किती वाजले?"

"बारा चाळीस."

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हाळसा एसटी स्टँडवर उभी होती, आणि तिच्या शेजारी, न बोलावता आलेले तात्या. पुण्याची गाडी लागली. कंडक्टरने खिडकीतून तपकिरी पाकीट काढले. तात्यांनी पाकिटाकडे न पाहता आधी घड्याळ पाहिले.

"तीन चाळीस! एकोणीस दिवसांचं काम सत्तावीस तासांत, बाई!" ते इतक्या मोठ्याने ओरडले की पेरूवाली दचकली.

शनिवारी, सव्वीस तारखेला, कमिटीची बैठक भरली. त्याच सकाळी बिरदेव आबा मोतीबिंदू दाखवायला पळसदेवहून आले होते. पागोटे सांभाळत बैठकीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. दार उघडेच होते. अध्यक्षांनी म्हाळसाला विचारले, "हं, बोला. वर्षाचे प्रश्न किती?"

तिने बाहेर पाहिले. आबांची मान इकडेच वळलेली. जीभ 'असतील तीनेकशे' म्हणायला टाळूला लागली. मग तिने कागद खाली ठेवला आणि न बघता म्हणाली, "नऊशे बारा. वाचक रोजचे अडतीस. दहा दिवसांत तीनशे एक्याऐंशी, दोघांनी मोजलेले. बाहेरचे लेख एकशे चौसष्ट. आणि यायला लागलेले दिवस एकोणीस, यात आम्ही सगळ्यात मागे होतो. आता दोन."

पुण्याहून एसटीनेच आलेला दुरुस्त तक्ता टेबलावर फिरला. प्रश्नांच्या रकान्यात 'च' नवांत दुसरा.

"मोजणी बरोबर आहे का, सर्जेराव?" अध्यक्षांनी विचारले.

"मी सही केलीय तिच्यावर. त्याच दिवशी." तात्यांनी घसा साफ केला. "आन् सोनोग्राफीचं म्हणाल, तर माझी ऑफिसची खोली तेवढीच हाय. तळमजल्यावर हाय, पोटुशी बाईला जिना चढाय नको. माझं टेबल मांडा वर, ग्रंथालयाच्या दारात. सह्यांना खोली कशाला लागती?"

खोलीत हशा पिकला आणि त्या हशातच ठराव झाला.

म्हाळसा बाहेर आली तेव्हा आबा उभे होते. "नऊशे बारा?" त्यांनी हळू विचारले.

"व्हय, आबा."

"समद्यांच्या म्होरं?"

"व्हय."

आबा काही रागावले नाहीत. जिना चढून ते ग्रंथालयाशी आले, कमरेच्या पिशवीतून भंडारा काढला आणि चौकटीला दोन्ही बाजूंनी पिवळी बोटे ओढली. एक चिमूट पोरीच्या कपाळाला. मग कॉरिडॉरमध्ये कुणी नाही असे पाहून तिच्या कानाशी वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मेंढरांचा पुरा आकडा सांगितला.

त्या वर्षापासून म्हाळसाच्या रजिस्टरात सगळे आकडे पुरे आहेत आणि मागेल त्याला ती ते दाखवते. आबांचा तेवढा तिने आजवर कुणाला सांगितलेला नाही.