शेठचं जुनं देणं आणि माझी सही

सन २०२३. माझं वय बहात्तर.

मुलुंडला शेठच्या ऑफिसात एसी चालू होता, आणि मला घाम सुटला होता. धाकट्या शेठने टेबलावरनं शाईचा पॅड माझ्याकडे ढकलला. तोंडाकडे न बघता. दुसऱ्या हाताचं बोट मोबाइलवर फिरतच होतं.

"काका, अंगठा लाव इथे. दोन मिनिटांचं काम आहे."

बाजूला दोन गिऱ्हाइकं चहा पीत बसली होती. त्यातला एक हसला. म्हणाला, "अजून अंगठेवाले आहेत तुमच्याकडे?"

माझ्या अंगठ्याला रेषा नाहीत. एकवीस वर्षं याच्या बापाच्या कारखान्यात मी स्टीलच्या भांड्यांना चकाकी आणली. फिरत्या चाकावर डेचकी दाबून धरायची, दिवसभर. भांडी चकाकली, बोटं घासून गेली. रेशनच्या दुकानातलं मशीन माझा अंगठा घेत नाही. मागची माणसं ओरडतात. हे धाकट्या शेठला माहीत असायचं कारण नाही. कारखाना बंद झाला तेव्हा तो कॉलेजात होता.

पण मला सही येते. शाळा तिसरीपर्यंत झाली, तीही विसरलो होतो. पन्नाशी उलटल्यावर विहारात बसून पुन्हा शिकलो. पोरांच्या पाटीवर. तेव्हापासून कुठंही कागद पुढे आला की मीच आधी पेन मागतो. बँकेत, दवाखान्यात, मतदानाला. लोकांनी बघावं म्हणून जरा सावकाश करतो.

"सही येते मला," मी म्हणालो.

"अरे वा. मग सही कर. आपल्याला काय, सही तर सही."

मी पेन उचललं. कागदावर काय आहे ते बघितलं नाही. मला फक्त तो हसणारा दिसत होता. नावाचं पहिलं अक्षर काढलं. चांगलं वळणदार आलं.

मग हात थांबला. शहाणपणाने नाही. अक्षराच्या वरच आकडा होता आणि आकडे मला सटासट वाचता येतात. चार लाख दहा हजार. तोंड असं कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटली.

"चष्मा विसरलो," मी म्हणालो. "घरी जाऊन करून आणतो."

चष्मा खिशातच होता.

"उद्या अकराच्या आत आण," धाकटा शेठ म्हणाला. "माझी माणसं तुझ्या बिल्डिंगखाली येऊन बसली, रूमला कुलूप लागलं, तर मग मला बोलू नको. मी तुला इज्जतीने बोलावलंय, काका."

काका पण म्हणतो आणि तू पण म्हणतो.

पैसे मी घेतले होते. ते आधी सांगतो. सत्तावीस वर्षांपूर्वी बायकोची पिशवी काढायची होती. डॉक्टर म्हणाला, उशीर केला तर बाई जाईल. मोठ्या शेठकडे गेलो. त्याने अठरा हजार दिले आणि वहीत अंगठा घेतला. मग दर महिन्याला पगारातून कापायचा. कधी अडीचशे, कधी तीनशे, वही त्याच्याकडे. किती फिटले ते त्यालाच माहीत. पाच वर्षांनी एका सोमवारी कामाला गेलो तर गेटला कुलूप. बारा माणसांचा चार-चार महिन्यांचा पगार आत. आम्ही महिनाभर गेटवर बसलो. कोणी आलं नाही. नंतर मोठा शेठ वारला. पैशाचं कोणी विचारलं नाही, आणि मीही कोणाला विचारलं नाही.

आता जुनी कपाटं आवरताना शेठच्या पोराला ती वही सापडली. व्याजावर व्याज चढवून त्याने अठरा हजारांचे चार लाख दहा हजार केले.

ऑफिसातून विक्रोळीला घरी आलो. लिफ्टमध्ये शेजारी भेटतील म्हणून सहा मजले चढून गेलो. बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली.

"घेतले होते ना आपण?" ती म्हणाली. "माझ्याच पोटासाठी घेतले होते. मग देऊन टाका अहो. डोक्यावर ठेवून मरायचं नाही मला."

"चार लाख कुठनं देऊ? रूम विकू? सून पोरांना घेऊन कुठं जाईल?"

ती उठली. दाराची कडी लावली. भर दुपारी. आमच्या दाराला दुपारी कधी कडी नसते. कडीचा तो आवाज ऐकला आणि मी भिंतीला टेकून खालीच बसलो.

विहारात दर रविवारी एक वकीलबाई येतात, गरिबांचे कागद बघून देतात. तो रविवार होता हे आमचं नशीब. संध्याकाळी दोघं गेलो. बाईंनी कागद दोनदा वाचला. माझ्या त्या एका अक्षरावर बोट ठेवलं.

"इथेच थांबलात ना काका? दुसरीकडे कुठे सही नाही ना केली?"

"नाही."

"बरं झालं. हे देणं कधीच मुदतीबाहेर गेलंय. तीन वर्षांत त्यांनी दावा लावायला हवा होता, नाही लावला. आता कोर्ट वसूल करून देणार नाही. आणि कुलूपबिलूप कोणी लावू शकत नाही, तशी धमकी देणं हाच गुन्हा आहे. पण या कागदावर लिहिलंय, मी कबूल करतो आणि एवढे देईन असं वचन देतो. यावर सही केलीत की हा नवा करार होतो. मेलेलं देणं जिवंत. चार लाखांचं."

बायको मध्येच म्हणाली, "पण ताई, घेतलेले बुडवायचे का?"

"मावशी, कोर्ट काय करेल ते मी सांगितलं. द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. पण हा कागद तुमच्या अठरा हजारांचा नाहीये."

मी विचारलं, "आणि आमचा चार महिन्यांचा पगार?"

बाईंनी कागदाची घडी घातली. "त्याचीही मुदत गेली, काका. तुम्ही पण कोर्टात नाही गेलात."

हे मला झोंबलं. गेलो नाही हे खरं. कोर्ट कुठं असतं हेच माहीत नव्हतं. महिनाभर गेटवर उन्हात बसलो, त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही. मोठ्या शेठने नुसतं कुलूप लावलं आणि त्याचं देणं सुटलं. माझे मात्र सत्तावीस वर्षांनी चार लाख होतात.

परत येताना बायको रस्त्यात थांबली. म्हणाली, "शेठ तर डोक्यावर ठेवूनच मेला ना. बारा घरांचं." आणि पदराने तोंड पुसून पुढे चालायला लागली.

मी नाकारत नाही. घेतले. त्या पैशाने माझी बायको जिवंत आहे. थोडे फिटायचे राहिले असतील तर असतील. हिशोब करायचा तर दोन्ही बाजूंचा होईल, तोंडासमोर होईल, त्याच्या एकट्याच्या वहीतनं होणार नाही. आणि जी सही मी म्हातारपणी पोरांच्या पाटीवर शिकलो, ती भीतीपोटी कोणाला देणार नाही.

भीती गेली नव्हती. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मी मुलुंडला गेलो. जिन्यात दोनदा कठडा धरला. ऑफिसात चार-पाच माणसं बसली होती. वकीलबाईंनी सांगितलं होतं तसा कागद मी घरीच ठेवला होता. धाकट्या शेठने हात पुढे केला.

"आणला?"

"नाही. सही करणार नाही. माणसं पाठवा, आमच्या बिल्डिंगखाली पोलीस चौकी आहे."

"काका, तुला कळतंय का तू काय बोलतोय?"

"कळतंय. तुमच्या वडिलांकडे बारा जणांचा चार महिन्यांचा पगार राहिलाय. कोर्ट देणार नाही, ते मला माहीत आहे. मी मागायला आलोय."

बसलेली माणसं वर बघायला लागली. धाकटा शेठ उठला. माझा आवाज फाटत होता. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि बारा जणांची नावं घ्यायला लागलो. यातले सात वारलेत. त्यांची आधी घेतली.