फॉलीन तात्या आणि आईच्या ओव्या

थांबा, हे आधी ऐका. नंतर सांगू म्हटलं की राहून जातं, म्हणून समोरचा चहा तसाच ठेवून लिहायला बसलोय. दुरुस्त केलेली वस्तू परत अडली की पहिला संशय स्वतःवर घेणारा मेकॅनिक मी एकच पाहिला. आमचे फॉलीन तात्या.

पलटणीत वायरलेसवर हवालदार म्हणून नोकरी करून तात्या पेन्शनीत आले आणि इस्लामपुरात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. काढलेला प्रत्येक स्क्रू वर्तमानपत्रावर रांगेत, काढला त्याच क्रमानं. कुणाचा टेबलाला धक्का लागला की म्हणायचे, "आवं पावणं, जवान फॉलीन हायती. लायनीत घुसू नगा." नाव तिथनंच पडलं.

दुरुस्तीनंतर रेडिओ बोलेना झाला तर दुसरे मेकॅनिक कंपनीला शिव्या देतात, नाहीतर गिऱ्हाइकाला. तात्या म्हणायचे, "शेवटचा हात कुणाचा लागला? माझा. मग आधी माझी झडती."

चार वर्षांपूर्वी आमच्या आईनं सांगलीच्या रेडिओ केंद्रावर जाऊन ओव्या म्हटल्या. मंगळवारी दुपारी साडेबाराला लागणार होत्या, एकदाच. आईनं स्वतःचा आवाज जन्मात ऐकला नव्हता. आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या रेडिओचा व्हॉल्व, म्हणजे आतली काचेची नळी, गेला. तात्यांनी नवा बसवला. दुकानात खणखणीत वाजला, मी स्वतः ऐकला. मंगळवारी सकाळी गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीनं घरी, वाडीला आणला. लावला तर आतला दिवा मिणमिणला आणि आवाज काहीच नाही. वाडीत दुसरा रेडिओ पाटलांचा, आणि ते घराला कुलूप लावून मेढ्याला लग्नाला गेलेले.

मी इस्लामपूरपर्यंत सायकल हाणली. तात्या भाकरी अर्धी टाकून कॅरिअरवर बसले.

दारातच आमचे आबा, म्हणजे वडील, म्हणाले, "काय हवालदार, व्हॉल्व बसवला का भोपळ्याचं बी?"

"बघू की. बी असलं तर येल येईल."

तात्यांनी रेडिओची पाठ उघडली आणि झडती सुरू झाली, मोठ्यानं. "व्हॉल्व मी बसवला. बरोबर हाय. कथलाचा डाग मी दिला. पक्का हाय. ही वायर मी हलवली. जागेवर हाय." घड्याळात साडेबाराला पाच कमी. आई चुलीपुढून उठून कधीच येऊन बसली होती, हाताला पीठ तसंच.

तात्यांनी एकदम वर बघितलं. "बल्ब लाव रं."

लावला. बल्ब कसला, नुसता लाल निखारा.

"मळ्यात मोटारी चालू हायत्या?"

"उसाला पाणी हाय न्हवं," आबा म्हणाले. "दिवसभर चालत्यात."

तात्यांनी कपाळाला हात लावला. रेडिओच्या पाठीमागे एक खटका असतो, वीज कमी येते का जास्त त्याप्रमाणे लावायचा. "ह्यो कमीवर हुता. मला वाटलं कुणा अडाण्यानं चुकीचा लावलाय. मी नियमानं वर केला. शहरात चाललं, पर हितं मोटारी सगळी वीज वडत्यात. वैनी, चूक माझी हाय. त्या अडाण्याला लय कळत हुतं."

"त्यो अडाणी मीच," आबा म्हणाले. "फिरवत फिरवत आवाज आला तितं ठेवला, परत हात लावला न्हाई."

तात्या हसले आणि खटका खाली केला. रेडिओ तापेपर्यंत कुणी हललं नाही. आधी खरखर झाली, मग ओवी आली. पहिल्या निघून गेल्या होत्या, शेवटच्या दोनच सापडल्या.

आई पुढं सरकली. "ही तर माझी आई गाती."

आजी जाऊन तेव्हा वीस वर्षं झालेली.

"आवं वैनी, तुमीच हाय ती," तात्या हळूच म्हणाले.

"न्हवं. आईच हाय."

 तात्या ओवी संपेपर्यंत पेचकस हातात धरून ताठ उभे राहिले. मग एकेक स्क्रू बसवला आणि चहासुद्धा न घेता निघाले.

त्यानंतर खेड्यातनं कुणीही रेडिओ आणला की पहिला प्रश्न, "तुमच्यात दुपारचा बल्ब कसा पेटतो?" आणि आपली चूक आल्यागेल्याला सांगायचे, दुसऱ्याची गंमत सांगावी तशी.

गेल्या दिवाळीत तात्यांनी दुकान बंद केलं आणि शिरवळला लेकाकडं गेले. स्टँडवर मी म्हटलं, आवं, अजून चार वर्षं सहज चाललं असतं. तर म्हणाले, "डाग कुठं पडतो दिसत न्हाई रं आता. न दिसता हात लावायचा म्हंजी गिऱ्हाइकाशी दगा." गाडी हलली तरी खिडकीतनं हात हलवत होते. आई अजून म्हणते, हवालदारानं मला माझी आई ऐकवली.

तुमचं काय? तुमचा स्वतःचा आवाज पहिल्यांदा बाहेरनं ऐकलात, तेव्हा घरातलं कुणी गेलेलं माणूस बोलतंय असं तुम्हालाही झालं होतं का?