आवाज बंद करून पाहिलेले सिनेमे

रहाटणीत आमची पत्र्याची एकच खोली होती आणि तिच्यात दिवसा झोपणारा एक माणूस होता. तो माझा बाप. अण्णा एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये होते, जिथे धडधडणाऱ्या यंत्रांवर लोखंडी पत्रे दाबून पार्ट बनवतात. नाइट त्यांनी कायमची मागून घेतली होती, कारण नाइटला माणूस मिळत नसे आणि आपण होऊन नाइट करणाऱ्याला सहसा काढत नसत. लातूरकडून आलेलो आम्ही. काढून टाकतील ही भीती घरात रोजची होती. एक खाट, एक मोरी, एक स्टोव्ह, आणि कोपऱ्यात रबरच्या पार्टांचं पोतं. गाड्यांना लागणाऱ्या त्या वाटोळ्या पार्टांच्या कडेला जास्तीची पापडी राहते. ती ब्लेडने कापून पार्ट साफ करायचे. हे काम आई घरी आणायची आणि शाळेतून आले की मीही बसायचे. आमची बोटं कायम काळी. घराला रबराचा वास. दुसऱ्यांच्या घरांना वेगळा वास असतो हे मला बरंच उशिरा कळलं.

सकाळी साडेसातला अण्णा यायचे, आंघोळ करून भाकरी खायचे आणि भिंतीकडे तोंड करून आडवे व्हायचे. मग घरातलं सगळं हळू व्हायचं. भांडं हळू, नळ हळू, बोलणं हळू. शाळेच्या कविता मी नुसते ओठ हलवून पाठ केल्या आहेत. संध्याकाळी ते उठायचे, चहा घ्यायचे, डबा घेऊन निघायचे. सुट्टी गुरुवारची. आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते, बाकी जगाची रविवारी. गुरुवारीही बहुतेक ओव्हरटाइम असायचाच. म्हणजे माझे आई-बाप एकाच खोलीत राहत होते, पण दोघं एका वेळी जागे असे फार थोडे तास.

आईचं एकच मागणं होतं आणि ते ती वर्षाकाठी एकदा तरी बोलून दाखवायची. ह्यांच्या शेजारी बसून एक सिनेमा बघायचा. अख्खा. नावांच्या पाटीपासून शेवटापर्यंत. अण्णा म्हणायचे, बघू. त्यांना नाही म्हणता यायचं नाही आणि हो म्हणणं त्यांच्या हातात नव्हतं.

शेजारच्यांनी नवा घेतला तेव्हा त्यांचा जुना टीव्ही आमच्याकडे आला. रविवारी दुपारी त्यावर जुने सिनेमे लागायचे. कृष्णधवल, प्रेमाचे. अण्णा शनिवारची नाइट करून झोपलेले असायचे, म्हणून आवाज शून्यावर. तसे आम्ही किती सिनेमे पाहिले असतील याची गणती नाही. पुढ्यात रबराचा ढीग, हातात ब्लेड, डोळे पडद्यावर. नट-नट्यांची नावं मला माहीत नव्हती. आईने आपली ठेवली होती. केसांचा कोंबडा काढणारा तो कोंबडा. जाड वेणीची ती वेणीवाली. दोघं एकमेकांकडे बघायला लागली की आईचा हात थांबायचा.

आणि बोलणं आई सांगायची. अगदी हळू, पण आमच्याच बोलीत. कोंबडा सूटबूट घालून पियानोवर बसायचा, वेणीवाली जिन्यात उभी राहायची, आणि आई म्हणायची, "इचारायलाय, जेवलीस का म्हणून." वेणीवाली मान खाली घालायची. "म्हणायलीय, तुमी जेवल्याबिगर कसं जेवू." बागेत, नावेत, धुक्यात, कुठेही भेटले तरी कोंबड्याचा पहिला सवाल तोच. हिंदी सिनेमातला मोठ्यात मोठा प्रेमवीर नायिकेला सारखं जेवलीस का विचारतो असं मी कितीतरी वर्षं खरं मानत होते.

त्यातला एक सिनेमा वरचेवर लागायचा. शेवटी कोंबडा टांग्यातून दूरगावी निघतो. वेणीवाली फाटकावर हात ठेवून काहीतरी एवढंसं बोलते. टांगा जातो, धूळ उडते, संपलं. तिथे आई दरवेळी तेच सांगायची, "म्हणायलीय, जावा तुमी. मी हाय हितंच."

मला तो शेवट फार आवडायचा. प्रेम म्हणजे असं, असं मी मनात पक्कं करून टाकलं. दहावीच्या वर्षी एका रविवारी आईने सांगणं बंद केलं. बघायची, पण मुकाट्याने. आता मी मोठी झाले, मला हिंदी समजतं, म्हणून थांबली असेल असं मला वाटलं. आवाजच नाही तर हिंदी समजून काय उपयोग, हे तेव्हा सुचलं नाही.

पुढे मी आकुर्डीच्या कॉलेजात गेले. बी.एस्सी. कॉम्प्युटर. आईच्या आणि अण्णांच्या, दोन्ही घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मुद्दाम लिहिते. कुणाला फुशारकी वाटली तर वाटू दे.

वर्गात एक मुलगा होता. त्यालाही जुन्या सिनेमांचं वेड. त्याने ते आवाजासकट पाहिले होते, त्यामुळे त्याला संवाद तोंडपाठ. मला एकही नाही. मला फक्त चेहरे. कोणत्या क्षणी कुणाची भुवई हलते, कोण पदर बोटाला गुंडाळतं, कोण वळून बघतं आणि कितीदा, हे सगळं मला माहीत. तो म्हणायचा, तुला भुवया पाठ आणि शब्द एक नाही, तू सिनेमा पाहिलास की पासपोर्टचे फोटो? जेवलीस का, हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो कॅन्टीनमध्ये टेबलावर डोकं ठेवून हसला. दुसऱ्या दिवसापासून बसस्टॉपवर भेटला की पहिलं तेच विचारायचा. तीन वर्षं विचारलं. याहून जास्त आम्ही काही बोललो नाही आणि मला ते पुरेसं वाटत होतं.

त्याला एका कंपनीच्या गुजरातच्या प्लांटवर नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी आकुर्डीच्या त्याच स्टॉपवर त्याने मला विचारलं, "तुला काही बोलायचंय का?"

मी म्हणाले, "जा तू. मी आहे इथंच."

हे बोलताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता.  तो बरं म्हणाला आणि आलेल्या बसमध्ये चढला. मी होते तिथेच होते. दोन वर्षांनी त्याच्या लग्नाची पत्रिका फोनवर आली, शंभर जणांना गेलेली. मी अभिनंदन लिहिलं.

आता मी हिंजवडीत नोकरी करते आणि मारुंजीत भाड्याने राहते. टेस्टिंगचं काम, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या. त्यात मी हुशार आहे. स्थळं आली, काहींना मी नको होते, काही मला नको होती, आणि मग ती यायची थांबली. फ्लॅट चांगला आहे. समोर इमारत चढते आहे, दिवसभर सळ्या आपटल्याचा आवाज येतो. रविवारी काम बंद असतं, तेव्हा शांतता अंगावर येते. एकदा रविवारभर मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. संध्याकाळी वॉचमनने मॅडम पार्सल म्हटलं, त्याला थँक्यू म्हणताना घसा धरला होता. टीव्ही लावते. आवाज अजूनही शून्यावर ठेवते. पलीकडे कुणी झोपलेलं नाही, तरी.

अशाच एका रविवारी तो टांग्याचा सिनेमा फोनवर सापडला. मी कानात हेडफोन घालून तो पहिल्यांदा ऐकला. कोंबड्याचा आवाज माझ्या मनात होता त्यापेक्षा बारीक निघाला. पियानोवर बसून त्याने जेवणाची चौकशी केली नाही. शेवट आला. वेणीवालीने फाटकावर हात ठेवला आणि हिंदीत स्पष्ट सांगितलं, की मला सोबत न्या, मी इथे थांबणार नाही. तो मान फिरवतो आणि जातो. ती थांबते म्हणत नव्हती. ती मागत होती.

मी मागे नेऊन चारदा पाहिलं. मग गाडी काढली आणि रहाटणीला गेले.

आता तिथे पत्रा नाही, स्लॅब आहे, दोन खोल्या आहेत. अण्णा घरी बसून आहेत. त्यांचे कान प्रेसने नेले. उभी हयात त्या धडधडीत, कानात कापसाचे बोळे. जवळ जाऊन ओरडलं तर थोडं पोचतं. ते गॅलरीत बसले होते. आई मेथी निवडत होती. मी चप्पलसुद्धा न काढता म्हणाले, ती थांबते असं म्हणतच नाही, मला घेऊन चला म्हणते.

आईने वर पाहिलं नाही. "ठाऊक हाय मला."

लग्नाआधी गावात तंबू आला होता, त्यात तिने तो सिनेमा दोनदा पाहिला होता. सगळा पाठ होता.

"मग मला खोटं का सांगितलंस?"

"तुला कुठं सांगत होते मी?" आई म्हणाली.

मग तिने सांगितलं ते असं. अण्णा झोपलेले नसायचे. भिंतीकडे तोंड करून पडलेले, पण जागे. पोरीच्या देखत नवरा-बायकोने काय बोलायचं, आणि बोलायला वेळ तरी कुठे. म्हणून ती सिनेमाच्या नावाने बोलायची. जेवलीस का म्हटलं की खाटेवर अण्णांच्या पायाचा अंगठा हलायचा. तेवढं तिला पुरायचं. आणि वेणीवालीचं खरं बोलणं ती त्यांच्या कानावर कशी घालणार? "मला न्या म्हणाले असते, तर कुठं नेलं असतं त्यांनी? प्रेसवर?"

मी विचारलं, मग बंद का केलंस?

अंगठा हलायचा थांबला, ती म्हणाली. तीन-चार रविवार तिने वाट पाहिली. तिला वाटलं, आता आपलं बोलणं यांना नको झालं. कान चालले आहेत हे अण्णांनी कुणाला सांगितलं नव्हतं. कंपनीत कळलं तर काढतील, म्हणून घरातही नाही. तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतर एका खोलीत दोघं कितीतरी वर्षं आपापली गप्प राहिली.

मला माझ्या आयुष्याचा राग आईवर काढायचा होता. तो तिथे निघाला नाही. आणि खरं सांगायचं तर मला तोंड होतं, डिग्री होती, समोरचा विचारत होता. तिच्याकडे यातलं काहीही नव्हतं, तरी ती बोलली होती.

अण्णांना कानाचं मशीन घेतलं. त्यांना नको होतं. म्हणाले, आता काय ऐकायचं राहिलंय. डॉक्टरकडे नेऊन बसवून आणलं आणि पुढच्या रविवारी दुपारी मी माझा फोन त्यांच्या टीव्हीला जोडला. दोन खुर्च्या शेजारी मांडल्या. आईने साडी बदलली होती. आवाज मी चांगला मोठा केला.

पाट्यांबरोबर वाद्यं सुरू झाली आणि अण्णांनी दोन्ही हातांनी कान दाबले. "प्रेस चालू झाल्यागत वाटायलंय. बंद कर बाई ते."

मी आवाज शून्यावर नेला. आईचा चेहरा पडला. पडद्यावर वेणीवाली जिना उतरत होती, खोलीत काहीच आवाज नव्हता. मला वाटलं, झालं, हेही राहिलं.

अण्णा आईकडे वळले. "सांग की आता. पयले सांगायचीस तसं."

"लेक बसलीय," आई म्हणाली.

मी उठले आणि मागे खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. जुनीच खाट, नवी गादी. थोड्या वेळाने आईचा आवाज यायला लागला. इचारायलाय, जेवलीस का म्हणून. तिची लय तीच होती. मध्ये अण्णा एकदा हसले. मी डोळे मिटून पडून होते, आणि मला विचारणारं कुणी नाही हे त्या दुपारी जितकं कळलं तितकं मारुंजीतही कळलं नव्हतं.

शेवट आला हे मला न बघता समजलं, कारण आई थांबली. 

"म्हणायलीय, मला बी घेऊन चला."

"कुठं?" अण्णांनी विचारलं.

"कुठंबी."

"जेवून निघू मग," अण्णा म्हणाले.

संध्याकाळी मी मारुंजीला परत आले. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. माझ्या पगारातून अण्णांच्या कानाला मशीन आलं, आणि माझ्या आई-बापाने लग्नानंतर पहिल्यांदा एक अख्खा सिनेमा शेजारी बसून, दोघांनी जागं राहून पाहिला.