चुका जपणारा पाद्री

पाद्रीच्या तोंडून 'छान' हा शब्द मी कधी ऐकला नाही. सहा वर्षं त्याच्या बँडमध्ये गायले, त्याच्या मम्माच्या हातचं जेवले, त्याच्या शिव्या खाल्ल्या, पण 'छान' काही मिळालं नाही. फारच खूश झाला तर तो म्हणायचा, "पुढे." म्हणजे आता पुढचं गाणं घ्या. हे एक 'पुढे' मिळावं म्हणून आम्ही तीन धडधाकट माणसं त्याच्या तोंडाकडे बघत बसायचो. आज आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

त्याचं नाव अर्थातच वेगळं होतं. दादरचा कॅथलिक, पिढ्यान् पिढ्या मुंबईचाच. वडील ऑफिसात, मम्मा चर्चच्या गायकवृंदात, आणि हा आमच्या मेटल बँडचा ड्रमर. काळा टी-शर्ट, पाठीवर केस आणि बोलणं हेडमास्तरांचं. शिवडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामामागे आम्हाला सरावाची खोली मिळाली होती. पाद्री तिथे छोटा रेकॉर्डर लावून ठेवायचा. सराव संपला की सगळ्यांना जमिनीवर बसवायचा आणि म्हणायचा, "चला, कबुली." आपण कुठे चुकलो ते ज्याने त्याने आपल्या तोंडाने सांगायचं. खरं सांगितलं तर सुटका. लपवलं तर ती चूक तो शोधून काढून सगळ्यांसमोर तीनदा ऐकवायचा. स्वतःची चूक मात्र तो सगळ्यांच्या आधी सांगायचा आणि स्वतःला पाचदा ऐकवायचा, त्यामुळे त्याच्यापुढे बोलायची सोयच नव्हती. यावरून आम्ही त्याला पाद्री म्हणायला लागलो. मम्मा वैतागायची, "नको गं असं म्हणू, फादरच्या कानावर गेलं तर?"

माणसांना तो नावाने हाक मारत नसे. गिटारवाला 'गिटार', बेसवाला 'बेस' आणि मी 'गळा'. "ए गळा, पाणी पी." "गळा, आज उशीर का?" माझे अण्णा भीमगीतांच्या गायन पार्टीत पेटी धरून गायचे. परळच्या आमच्या चाळीत जयंतीला त्यांच्या मागे उभी राहून मी लहानपणापासून कोरस दिलेला. आमच्या गाण्यांना दोन आवाज लागायचे. एक पोटातून काढलेला, गुरगुरणारा, त्याला ग्रोल म्हणतात. दुसरा साधा, मोकळा, सुरातला. पहिला मला पाद्रीने शिकवला, दुसरा मी घरून घेऊन गेले होते. ग्रोलचा सराव सुरू झाला की शेजारच्या काकू येऊन आईला विचारायच्या, "पोरीला उलटी होतेय का गं?"

एकदा पाद्री चाळीत आला तेव्हा अण्णांनी हौसेने त्याला दोन गाणी ऐकवली. हा मांडी घालून डोळे मिटून बसला, हललासुद्धा नाही. मला वाटलं, विरघळला मेला. जिना उतरताना म्हणाला, "अण्णांनी दुसऱ्या कडव्यात श्वास चुकीच्या जागी घेतला." मी त्याला तिथूनच ढकलणार होते. तेवढ्यात म्हणाला, "पण तुझा आवाज कुठून आला ते कळलं." ते एक वाक्य मी आठवडाभर चघळत होते.

दुष्ट होता तो, यात वाद नाही. गिटारच्या साखरपुड्याला लालबागच्या हॉलमध्ये गाणी लावायचं काम आम्ही पाद्रीकडे दिलं, ही आमची अक्कल. सनई संपली, सासरेबुवा खुर्चीत टेकले, आणि स्पीकरमधून गिटारचं एक सोलो सुरू झालं. म्हणजे सोलो नव्हेच. त्याची बोटं अडखळलेली, तार सुटलेली, मध्येच त्याने हासडलेली शिवी, असं सगळं एकापुढे एक जोडलेलं. नवरीने बिचारीने विचारलं, "हे कोण वाजवतंय?" पाद्री गंभीरपणे म्हणाला, "तुमचे होणारे मिस्टर. लग्नाआधी कळलेलं बरं." गिटार दोन महिने त्याच्याशी बोलला नाही. तिसऱ्या महिन्यात निमूट सरावाला आला, आणि खरं सांगते, आधीपेक्षा चांगला वाजवायला लागला. याचाच जास्त राग यायचा.

आणि हाच माणूस एकदा कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये भर गाण्यात ड्रम सोडून उठला. पुढच्या रांगेतला एक टग्या मला ओरडला होता, "ए बाई, घरी जाऊन पोळ्या लाट." पाद्री काठ्या हातात घेऊन स्टेजवरून खाली उतरला, त्याच्या समोर उभा राहिला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "चूक सांग तुझी." पोरगा हसायला बघत होता, पण पाद्री हलेना. शेवटी त्या पोराने माइकवर माझी माफी मागितली. पाद्री परत येऊन बसला आणि मला म्हणाला, "तुझी एंट्री अर्धा ठोका उशिरा आली होती." मी त्याला तिथल्या तिथे मिठी मारणार होते, हे ऐकून बेत रद्द केला.

अल्बम काढायचा, हे दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी पाद्री म्हणायचा, "अजून नाही." त्यामुळे आमचं एकही गाणं कधी बाहेर पडलं नाही. फेस्टिव्हलचे मोबाइलवर घेतलेले दोन-तीन व्हिडिओ आहेत, त्यांत नुसती खरखर ऐकू येते. मला त्याची फिकीर नव्हती. प्रत्येक सराव पाद्रीच्या रेकॉर्डरवर गेलाय, म्हणजे माझा आवाज कुठेतरी सुरक्षित आहे, असं मी धरून चालले होते.

मग ते एक गाणं आलं. त्याच्या शेवटी मोकळ्या आवाजातून एका झटक्यात ग्रोलमध्ये उतरायचं होतं. माझा घसा आठ दिवस दुखत होता, ते मी पाद्रीला सांगितलं. म्हणाला, "दुखतोय म्हणजे आहे अजून जागेवर." एकोणीस वेळा त्याने माझ्याकडून ती ओळ घेतली. गिटार म्हणाला, बस कर रे. बेस उठून बाहेर गेला. एकोणिसाव्या वेळी माझा आवाज मधोमध फाटला. कापड टरकावं तसा, आणि तोंडात रक्ताची चव आली. पाद्रीने कानावरचे हेडफोन काढले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पुढे."

डॉक्टर म्हणाले, स्वरतंतूला जखम झालीय, ऑपरेशन करू, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, आणि गाणं विसरा. मी चाळीत पाटी-पेन्सिल घेऊन बसले. चौथ्या दिवशी पाद्री आला. आईने त्याला चहा दिला. हा माझ्यासमोर बसून म्हणाला, "कबुली. चूक कोणाची?" मी पाटीवर लिहिलं, 'तुझी.' त्याने वाचलं, शर्टाच्या बाहीने पाटी पुसली आणि परत माझ्या हातात दिली. "नीट विचार करून लिही." सहा वर्षांची सवय हो, दुसरं काय! मी लिहिलं, 'माझी.' तो चहा संपवून उठला. आधी स्वतःची चूक सांगायचा तो नियम त्याने तेवढा एकदाच मोडला, आणि नेमका माझ्या वेळी.

बँड अर्थात संपला. पाद्री म्हणाला, माणसं पुरे झाली, आता मशीन. आणि घरात कॉम्प्युटरपुढे बसून ड्रम अँड बेस नावाचं नाचाचं संगीत करायला लागला. हे काय असतं, ते मी आता नोकरी करते त्या बँकेतल्या बायकांना असं सांगते, की ताशेवाल्याला कुठेतरी जायची भयंकर घाई आहे आणि खालून सोसायटीचा पंप चालू आहे. जुन्या मेटलवाल्यांनी त्याला 'डीजे' म्हणून हिणवलं. आमच्यात ती आईवरून शिवी. लोअर परळला गिरणीच्या जागी झालेल्या एका पबमध्ये त्याचा पहिला कार्यक्रम झाला, तिथे पाच माणसं होती आणि त्यातले दोन वेटर. मशीन चुकत नाही म्हणून त्याने ते धरलं होतं, पण वर्षभर त्याचे ट्रॅक अगदी मढ्यासारखे. मग त्याला सुचलं. आमच्या चुका त्याने कापून जपून ठेवल्या होत्या, त्या तो मशीनच्या ठोक्यांत पेरायला लागला. गिटारची सुटलेली तार, बेसचा घसरलेला सूर, स्वतःची निसटलेली काठी. मशीनला एकदम माणसासारखा घाम फुटला. लोक नाचायला लागले, परदेशातून बोलावणी यायला लागली.

इकडे माझं लग्न झालं, मुलगी झाली, बँकेत काउंटरवर बसायला लागले. बोलण्यापुरता आवाज परत आला, तोही असा की दिवसातून दहा जण विचारतात, "मॅडम, सर्दी झालीय का?" एके दिवशी गिटारने एक ट्रॅक पाठवला आणि लिहिलं, 'ऐक, पण डोकं शांत ठेव.' ट्रॅकचं नाव 'गळा'. सुरुवातीला पाऊण मिनिट नुसते ठोके, मग सगळं थांबतं आणि माझा आवाज फाटतो. पुन्हा ठोके, पुन्हा फाटतो. जगभर लोक त्यावर नाचत होते. पाद्रीचं नाव झालं ते या ट्रॅकमुळे.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, ही बाई म्हणजे मी. तिने दोनदा ऐकलं आणि म्हणाली, "पण ही तर नुसती ओरडतेय. तू गायचीस म्हणतेस ना? ते ऐकव." अण्णा गेले, आई गेली. मी गात होते हे शपथेवर सांगायला माझ्या घरात आता कोणी नाही. मला त्या दिवसापासून ध्यासच लागला. पोरीला एकदा, एकच गाणं, माझ्या धड आवाजात ऐकवायचं.

मम्मा गेल्यावर पाद्रीने दादरचं घर विकलं आणि तो कायमचा इंग्लंडला निघाला, असं कळलं. एका रविवारी सकाळी मी त्याच्याकडे गेले. केस पिकलेले, खोलीभर खोकी, हा जमिनीवर बसून वायरी गुंडाळत होता. "ये गळा," म्हणाला, कालच भेटल्यासारखा.

मी म्हटलं, "माझं नाव तरी टाकायचंस त्या ट्रॅकवर."

"टाकलंय की. ट्रॅकचं नाव काय आहे?"

भांडायला आले होते, पण ते बाजूला ठेवलं. म्हटलं, "मला एक गाणं दे. अख्खं. माझा आवाज चांगला होता तेव्हाचं. पोरीला ऐकवायचंय."

"अख्खं?" त्याला खरंच कळेना.

"सहा वर्षं रेकॉर्ड केलंस ना मेल्या? त्यातलं एक."

त्याने लॅपटॉप उघडून माझ्याकडे वळवला. चौघांचे चार फोल्डर. गिटारचा उघडला, तो संपता संपेना. बेसचा तसाच, त्याचा स्वतःचाही तसाच. मग माझा उघडला. अकरा ओळी. त्यातली सगळ्यांत लांब चीज नऊ सेकंदांची.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं बरोबर होतं," पाद्री म्हणाला. "बरोबर असलेलं मी कधी ठेवलं नाही. चुका कापून घ्यायचो, उरलेलं पुसून टाकायचो. बरोबर आलेलं ऐकून कोण काय शिकणार?" मग त्या अकरा ओळींकडे बघत, मला कधीच ऐकू न आलेल्या मऊ आवाजात म्हणाला, "सहा वर्षांत अकरा. गिटार एका दिवसात एवढ्या करायचा. तुझं मी जवळजवळ सगळंच पुसलं, गळा."

त्याच्या परीने तो माझं कौतुक करत होता हो. आणि मी मूर्ख बाई, मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. मग जिन्यात खाली बसून रडले.

त्या अकरा चुका मी पेन ड्राइव्हवर घेऊन आले होते. दुसरं होतं काय माझ्याकडे? पोरीने शहाण्यासारखं कानाला हेडफोन लावले आणि अकराच्या अकरा ऐकल्या. फाटलेला सूर, चुकलेली एंट्री, खोकला. ऐकून झाल्यावर मी तिला समजावून सांगितलं, की बरोबर गायलेलं सगळं पाद्रीकाकाने पुसलं, चुकलेलं तेवढं ठेवलं.

"असं कोण करतं, आई?" ती म्हणाली. मग माझ्या गळ्यात हात टाकून, मोठ्या माणसाने समजूत काढावी तशी म्हणाली, "असू दे गं. सगळ्यांना गाता आलंच पाहिजे असं थोडीच आहे? पण सातव्यात तू श्वास फार लवकर घेतलास."

मी सातवं पुन्हा लावून ऐकलं. कार्टीचं बरोबर होतं.